भिंतीकडे तोंड केलेलं शिंग

१

दोन्ही म्यानं उजवीकडेच वळलेली होती.

सीमेच्या दगडावर, केळीच्या पानावर, ती शेजारी शेजारी ठेवली होती. एक आमच्या लुंग्यान गावाचं, दुसरं ओपांगचं. दगडाच्या एका बाजूला त्यांचे पुरुष, दुसऱ्या बाजूला आमचे. आम्ही बायका मागे, उतारावर. इतकी माणसं जमलेली, पण ओढ्याच्या पाण्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

आमच्या आजोबांच्या काळी या दोन गावांनी एकमेकांची पुष्कळ डोकी कापली. शेवटी दोन्ही गावं थकली आणि त्यांनी समेटाचा शब्द देऊन एक मिथुन, म्हणजे आमच्या डोंगरातला रानटी बैल, मारला. त्याच्या दोन शिंगांची दोन म्यानं झाली. शिंगाचं रुंद तोंड वर, टोक खाली. वरून दाव, म्हणजे आमचा रुंद पात्याचा कोयता, खोवायचा आणि म्यान कमरेमागे वेताच्या पट्ट्यानं बांधायचं. एक म्यान एका गावाला, एक दुसऱ्याला. दर पंधरा वर्षांनी दोन्ही म्यानं या दगडावर आणायची, जुना शब्द पुन्हा द्यायचा. ज्या गावाला आपलं म्यान दाखवता येणार नाही त्यानं शब्द मोडला, मग ओढा दुसऱ्याचा.

एका बैलाची दोन शिंगं म्हणजे एक डावीकडे वळणार, एक उजवीकडे. इथे तसं नव्हतं.

"एका डोक्यावर दोन उजवी शिंगं!" ओपांगचा अध्यक्ष एकोन्थुंग सगळ्यांच्या आधी ओरडला. "लुंग्यानकरांनो, असला बैल तुमच्याच गावात जन्मतो वाटतं!"

त्यांची माणसं हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"तुमचं खोटं नसेल कशावरून?" आमच्या पंचांचा मुख्य झुचामो म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता.

"डोळे आहेत ना? आमचं बघ. काळंभोर. ऐंशी वर्षांचा धूर खाल्लाय त्यानं. आणि तुमचं? मधासारखं पिवळं. काल बाजारातून आणलं का?"

ते मात्र सगळ्यांना दिसत होतं. दोन्ही म्यानं कोरीव बाजू, म्हणजे म्यानाचं तोंड, वर करून ठेवली होती. ओपांगच्या म्यानावर काजळीचा थर होता, आमच्यावर जवळजवळ नव्हताच.

झुचामोनं वळून उताराकडे पाहिलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्होन्यानीकडे. म्यान तिच्या घरी असायचं. नवरा होता तोवर तो सांभाळायचा. चार वर्षांपूर्वी तो गेला, मुलगा रेन्बेमो दीमापूरला नोकरीला, तेव्हापासून ती.

"बाईच्या घरी हत्याराची वस्तू ठेवू नका म्हणून मी घसा फोडून सांगितलं होतं," झुचामो म्हणाला. "किती घेतले तुझ्या पोरानं? बोल! दीमापूरला कुणाला विकलं?"

उत्तराची वाट न बघता झुचामोनं दोन माणसांना खूण केली. ते दोघं बांबूच्या नळ्यांत ओढ्याचं पाणी भरून गावाकडे चालू लागले. ते कुठे निघाले हे आम्हाला न सांगताच कळलं. ज्या घरानं गावाचा शब्द विकला त्या घराची चूल विझवतात. मग त्या माणसानं गाव सोडायचं.

२

"उद्या दुपारपर्यंत थांबा," मी म्हणाले.

बाईमाणूस त्या दगडापाशी बोलत नाही. पण त्या दगडाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या निम्म्या पुरुषांना पाटी कशी धरायची ते मी शिकवलंय.

"वहिनी, तुम्ही ओपांगच्या लेक," झुचामो म्हणाला. "तुम्ही मध्ये पडू नका."

"आणि ताई, तू लुंग्यानची सून," एकोन्थुंग म्हणाला. तो माझा चुलत भाऊ. "तू तर मुळीच पडू नकोस."

"म्हणजे मी कुणाचीच नाही. मग ऐकायला काय हरकत आहे? उद्या सूर्य डोक्यावर येईपर्यंत म्यानं इथेच राहू देत. दोन्ही गावांची माणसं राखणीला बसवा. तोवर कुणी कुणाला गावाबाहेर काढायचं नाही आणि ओढ्याला हात लावायचा नाही."

एकोन्थुंगनं खांदे उडवले. "एक दिवसानं शिंगाचं वळण बदलणार आहे का? थांबतो."

मी म्होन्यानीच्या घरी गेले. चुलीत राखेचा चिखल झाला होता. ती त्याच्यासमोर हातावर हात ठेवून बसली होती.

"बाई, लग्न होऊन आले तेव्हापासून ही चूल विझली नव्हती हो."

"रेन्बेमो शेवटचा कधी आला होता?"

"नाताळात. तुम्हीसुद्धा त्याच्यावरच?"

"मी सगळ्यांवर. तुझ्यावरसुद्धा. राग मानू नको, पण खरं सांग. म्यान कधी घराबाहेर गेलं?"

"आज सकाळी, माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा. आणि मी शिंगाला बोटसुद्धा लावलं नाही. झुचामो स्वतः येऊन खुंटीवरून काढून घेऊन गेला. आणि आता मलाच..." तिनं पुढचं गिळलं. "तिथे होतं. बघा."

चुलीमागच्या बांबूच्या भिंतीवर तिनं बोट दाखवलं. इतक्या वर्षांच्या धुरानं भिंत डांबरासारखी काळी झाली होती. फक्त खुंटीखाली एक फिकी आकृती होती, जिथे म्यान टांगलेलं असल्यामुळे धूर पोहोचला नव्हता. वर रुंद तोंड, खाली निमुळतं टोक. शिंगाची सावलीच जणू भिंतीवर चिकटून राहिली होती.

मी जवळ गेले.

भिंतीवरची आकृती डावीकडे वळलेली होती. दगडावर ठेवलेलं आमचं म्यान उजवीकडे वळत होतं.



३

म्यानाची नक्कल करू शकेल असा माणूस आमच्या गावात एकच, सान्सो. डिसेंबरातल्या उत्सवाला पर्यटक येतात, त्यांच्यासाठी तो शिंगाच्या लहान लहान वस्तू करतो. खरी दोन म्यानं त्याच्या आजोबांनी केली होती. मी पोहोचले तेव्हा त्याच्या अंगणात दगड पडलेले होते, आणि ते काही आपोआप आलेले नव्हते.

"या बाई. तुम्हीपण एक मारा आणि जा."

"तू लहानपणी माझ्या खडूंची बाहुली कोरायचास, तेव्हासुद्धा मी तुला मारलं नाही. म्यान तू केलंस?"

"कुठलं?"

हा प्रश्न मला आवडला. सगळं गाव एकच म्यान खोटं समजत होतं. हा दोन्हींचा विचार करत होता.

"तू दगडापाशी होतास. काय दिसलं?"

"मला कुणी जवळ येऊ दिलं का? लांबून बघितलं." त्यानं रंधा खाली ठेवला. "पण एक सांगतो. मी नक्कल केली असती तर ती अशी सापडली नसती. ज्यानं केलंय त्यानं शिंग शेकोटीवर धरून भाजायच्या मांसासारखं फिरवून फिरवून धुरावलंय. धूर असा येतो का कधी?"

"मग कसा येतो?"

"तुम्हीच सांगायच्या ना आम्हाला, आधी बघा, मग विचारा?" तो तिरकस हसला. "झुचामोला माझ्यावर दगड फेकायला वेळ आहे, पण भिंत बघायला नाही. मी का शिकवू त्याला? जाऊ दे म्होन्यानीला, जाऊ दे ओढा. मला कोण विचारतं?"

"मी विचारतेय."

मी ओसरीवर नजर फिरवली. भिंतीवर मिथुनाच्या कवट्या ओळीनं टांगलेल्या होत्या, प्रत्येक घरावर असतात तशा. सगळ्यांना शिंगं होती. एका जुन्या कवटीला मात्र शिंगांच्या जागी हाडाचे दोन बोडके, भोकाभोकांचे खुंट होते. एका खुंटावर कुणीतरी मासे पकडायचा पिंजरा अडकवला होता.

"हिची शिंगं कुठे गेली?"

"आजोबांची मजुरी ती. मांस गावांनी खाल्लं, डोकं कारागिराला. शिंग उकळलं की हाडावरून टोपीसारखं निघतं, खाली हे उरतं." त्यानं पुन्हा रंधा उचलला. "जा आता, बाई. तुम्हाला इथे बघितलं तर तुमच्याही अंगणात दगड पडतील."

परत येताना मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते आणि तो जुळत नव्हता. भिंतीवरची आकृती सांगत होती की म्होन्यानीच्या घरी डावीकडे वळलेलं शिंग होतं. आणि दुसरी गोष्ट याहून वाईट. मी ओपांगला वाढले. तेव्हा ओपांगचं म्यान माझ्या काकांच्या घरी, म्हणजे एकोन्थुंगच्याच घरी असायचं. डोळे मिटले की ते मला आजही दिसतं. त्याचं टोक दाराकडे, उजवीकडे वळलेलं. दगडावर होतं अगदी तसंच.

माझी स्वतःची आठवण एकोन्थुंगच्या बाजूनं साक्ष देत होती.

४

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ओपांगला गेले. माहेरच्या वाटेवर कुणी हाक मारली नाही. लहानपणी जिच्याबरोबर चिंबोऱ्या पकडल्या तिनं मला पाहून दार लावून घेतलं.

एकोन्थुंग पंचांच्या नव्या सभागृहात होता. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची जमीन, भिंतीला काचेचं मोठं कपाट. सहा वर्षांपूर्वी तो निवडून आला तेव्हा गावाच्या जुन्या वस्तू त्यानं घराघरांतून आणून इथे ठेवल्या होत्या.

"चहा घेतेस, ताई? का आमचा चहापण खोटा?"

"दे. बिनसाखरेचा."

"बाकी काही मिळणार नाही. ओढा आमचा होणार आहे. वर्षानुवर्षं आमच्या बायका उन्हाळ्यात दोन डोंगर चढून पाणी आणतात आणि तुमची माणसं वर बसून वाफे भिजवतात. तू तरी विसरलीस का?"

"नाही विसरले. मीही आणलंय ते पाणी."

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि चहा ओतायला वळला. मी कपाटापाशी गेले. दार उघडताच डांबरगोळ्यांचा वास नाकात घुसला. मूठभर पांढऱ्याशुभ्र गोळ्या कोपऱ्यात होत्या, अजून झिजायलाही न लागलेल्या. मधल्या कप्प्यात काकांचा शिरपेच होता. त्याची धनेश पक्ष्याची काळीपांढरी पिसं मी लहानपणी मोजायची. आता तिथे नुसत्या काड्या उभ्या होत्या. कसरीनं पिसं पार खाऊन टाकली होती. शेजारची जागा रिकामी होती, म्यानाची; ते गुंडाळून ठेवायचं फडकं तेवढं तिथे पडलं होतं. तिथे तळाला पिवळसर भुकटी सांडली होती, कुणीतरी घाईत पुसल्यासारखी.

पिसं खाणारी कसर शिंगही खाते. म्हणूनच आमच्याकडे या वस्तू धुरात टांगतात. काचेच्या कपाटात धूर नसतो.

"वस्तू छान मांडल्यास," मी म्हणाले. "सगळ्यांची तोंडं बाहेर."

"मग? लोकांना दिसायला नकोत?"

"म्यान तेवढं फडक्यात. काकांच्या घरी ते असं नव्हतं."

"कसं होतं मग?"

काकांची छडी आठवली. मी पाच-सहा वर्षांची असेन. म्यानावरची नक्षी बघायची म्हणून मी ते खुंटीवर फिरवलं होतं. काकांनी माझ्या पोटऱ्यांवर छडी ओढली होती. ते काय ओरडले होते तेही आठवलं. चहा न घेताच मी निघाले.

५

सूर्य डोक्यावर यायच्या आधी सगळे दगडापाशी जमले. या वेळी पुरुषांनी दाव आणले होते. म्होन्यानी पाठीवर टोपली बांधून आली होती. एवढंच सामान तिला नेता येणार होतं. मी सान्सोला निरोप पाठवला होता, पण तो दिसत नव्हता.

"बोल, ताई," एकोन्थुंग म्हणाला. "वेळ संपत आली."

"एक प्रश्न. म्यान घरी कसं टांगतात? कुणीही सांगा."

"भिंतीकडे तोंड करून," दोन्ही बाजूंनी म्हातारे एकदम म्हणाले. मग एकमेकांकडे पाहू लागले.

"का?"

"कोरीव तोंडानं शत्रूकडे बघायचं असतं," झुचामो म्हणाला. "घरातल्यांकडे नाही. आमचं ओपांगकडे बघतं, त्यांचं आमच्याकडे. हे लहान पोरालाही ठाऊक आहे."

"मग धूर कुठल्या बाजूला लागेल?"

बरेच जण दगडाकडे पाहू लागले.

"आमच्या म्यानाचं तोंड पिवळं आहे, कारण ते भिंतीला टेकून होतं. ते उलटं करा. मी हात लावत नाही, तुम्हीच करा."

राखणीला बसलेल्या ओपांगच्या माणसानंच ते उलटं केलं. मागची बाजू कोळशासारखी काळी होती आणि टोकाकडे काजळीचे पापुद्रे होते.

"आता तुमचं."

ओपांगचं म्यान मागून आणि पुढून सारखंच काळं होतं. वेताच्या पट्ट्याखालीसुद्धा काळं.

"काजळी काहीही सांगते!" एकोन्थुंग ओरडला. "वळणाचं बोल! आमचं उजवीकडेच वळायचं. तू आमच्याच घरात वाढलीस. शपथेवर सांग, उजवीकडे होतं की नाही?"

"होतं," मी म्हणाले.

आमच्या बाजूनं शिव्या ऐकू आल्या. म्होन्यानीनं डोळे मिटून घेतले.

मी वाकून नेच्याचं एक पान तोडलं, टोकाशी वाकडं झालेलं, आणि वर धरलं. वर्गात धरायची तसं. "हे कुठे वळलंय?"

"उजवीकडे," समोरचे म्हणाले.

"मागच्यांनो, तुम्ही सांगा."

"डावीकडे," माझ्या पाठीमागून बायका म्हणाल्या.

"आपण दोघं आयुष्यभर त्या म्यानाची पाठ बघत होतो, एकोन्थुंग. पाठीकडून ते उजवीकडे वळायचं, म्हणजे तोंडाकडून डावीकडे. म्होन्यानीच्या भिंतीवरची आकृतीही पाठीकडूनच दिसते. ती डावीकडे वळलीय, म्हणून आमचं तोंडाकडून उजवीकडे. ते बरोबर आहे. तू मात्र आठवणीतलं वळण घेतलंस आणि त्याच्या तोंडावर नक्षी कोरून घेतलीस. डांबरगोळ्याही उशिरा ठेवल्यास."

"पुरावा?" त्याचे ओठ पांढरे पडले होते. "पानं दाखवून ओढा नेणार का? पुरावा कुठे आहे?"

"माझ्या पाठीवर," उतारावरून कुणीतरी म्हणालं.

सान्सो होता. त्यानं टोपली उतरवली आणि ती बोडकी कवटी दगडावर ठेवली. हाडाचे दोन खुंट आभाळाकडे.

"दोन्ही शिंगं या डोक्यावरची," तो म्हणाला. "टोपी आपलं डोकं ओळखते. घाला."

६

झुचामोनं आमचं म्यान उचललं. त्यानं शिंगाचं रुंद तोंड उजव्या खुंटावर धरलं आणि खाली दाबलं. शिंग घसरत गेलं, खट् असा आवाज आला आणि बसलं. त्यानं हलवून पाहिलं. कवटी हलली, शिंग हललं नाही.

ओपांगचं म्यान कुणी एकोन्थुंगपुढे केलं नाही. त्याच्याच गावच्या एका म्हाताऱ्यानं ते उचललं आणि डाव्या खुंटावर घालून पाहिलं. अर्ध्यावरच अडलं. त्यानं जोर लावला, फिरवून पाहिलं. मग ते काढून एकोन्थुंगच्या पायाशी टाकलं.

"कसर लागली होती," एकोन्थुंग म्हणाला. कुणाकडे बघून म्हणाला ते कळलं नाही. "एक दिवस फडकं उघडलं, हात लावला तर चुरा झाला. मी नवीन करून घेतलं. ओढा घालवू का? माझ्या हातून? काल इथे दोन्ही शेजारी ठेवली तेव्हाच चूक कळली मला. मग ओरडलो."

"आणि हिला गावाबाहेर जाऊ देणार होतास," मी म्हणाले.

"ती माझ्या गावची नाही."

आमच्या बाजूला गलका झाला. ओढा आपला, आजच बांध घाला, असं कुणी म्हणालं. ओपांगचे दाव म्यानांतून अर्धे बाहेर आले.

म्होन्यानी टोपली पाठीवर असतानाच दगडापाशी आली. कवटीवरचं शिंग तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि उपसून काढलं. उघड्या हातांनी. आजवर कुठल्या बाईनं त्याला हात लावला नव्हता. झुचामो एक पाऊल मागे सरला.

"शब्द आम्ही सांभाळला," ती म्हणाली. "म्हणून काय करायचं ते मी सांगते. डावा खुंट बोडका आहे. ओपांगनं बैल द्यावा, सान्सोनं त्याच्या डाव्या शिंगाचं म्यान करावं. तोवर ओढ्याला कुणी बांध घालायचा नाही. पाणी हवं तर आमच्या बायकांबरोबर भरायला या. वर बसून बघणाऱ्या पुरुषांना कोण विचारतंय?"

मागच्या बायकांमधून एक हुंकार आला. दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांनी बराच वेळ कुजबुज केली आणि ते ठरलं. आनंदानं नाही. कुणी कुणाचा हात धरला नाही. दाव पुन्हा खोवले गेले एवढंच.

एकोन्थुंग माझ्याजवळून गेला. "परत माहेरी येऊ नकोस," तो म्हणाला. मी गेलेले नाही. ओढ्यावर भेटलो तर तो पाण्याकडे बघतो.

त्या दुपारी आम्ही म्होन्यानीच्या घरी गेलो. तिनं म्यान खुंटीवर टांगलं, तोंड भिंतीकडे. ते आपल्या फिक्या आकृतीवर नेमकं बसलं. मग ती चुलीपासून बाजूला सरकली आणि झुचामोला म्हणाली, "ज्यानं विझवली त्यानं पेटवायची."

त्यानं स्वतःच्या घरून निखारा आणला. ओली राख हातांनी उपसली, गुडघे टेकले, गाल फुगवून फुंकू लागला. ओल्या चुलीतून नुसताच धूर निघत होता. त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. तो खोकत म्हणाला, "पेटेल आता आपोआप. पुरे ना?"

म्होन्यानीनं वर शिंगाकडे पाहिलं.

"फुंक," ती म्हणाली. "अजून धूर तिथवर पोचला नाही."